कोहळ्याची पहिली चीर

लालबागच्या आमच्या चाळीत दिवाळी जवळ आली की मला मान मिळायचा. फार नाही, मिनिटभराचा. कोणाच्या घरी कोहळा फोडायचा असला की बायका मला बोलवायच्या.

ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अख्खा कोहळा बाईने फोडायचा नाही, असं आमच्या कोकणातल्या घरांतून मानतात. कोहळा म्हणजे घरचा थोरला मुलगा, त्याच्यावर बाईमाणसाने सुरी कशी चालवायची? पुरुषाने चालवलेली कशी काय चालते, हे मी कधी विचारलं नाही. पहिली चीर पुरुषाने द्यायची, एवढं खरं. एकदा चीर पडली की थोरल्या मुलाची भाजी होते आणि मग बायकांनी त्याचं काय हवं ते करावं.

चाळीत पुरुषांना तोटा नव्हता. पण दिवसपाळीवाले मिलमध्ये असायचे आणि रातपाळीवाले दुपारी घोरत पडलेले असायचे. आपल्या नवऱ्याला झोपेतून उठवायची कुठल्याच बाईची छाती नव्हती. मीसुद्धा रातपाळीवालाच. गिरगावात एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात खिळे जुळवायचो, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर उचलून बातम्यांच्या ओळी लावायचो, आणि सकाळच्या पहिल्या ट्रामने परत यायचो. पण मला उठवताना कोणाला काही वाटायचं नाही. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे माझ्या झोपेची राखण करणारं दाराशी कोणी नव्हतं.

"भावजी, जरा येता का? कोहळा फोडायचाय."

मी उठायचो, तोंडावर पाणी मारायचो आणि जायचो. एक पाऊल उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. पाटावर कोहळा, त्याला हळदकुंकू लावलेलं. सुरी हातात घ्यायची, एक चीर द्यायची. "झालं हां, भावजी." झालं म्हटल्यावर तिथे उभं राहण्यात अर्थ नसायचा. एकदा एका म्हातारीने शंका काढली होती, की लग्न न झालेल्याचा हात चालतो का. तिला दुसरी म्हणाली, "बापयो आसा मां? मगे झाला." माझ्या पुरुष असण्याचा चाळीला तेवढाच उपयोग होता, आणि खरं सांगायचं तर मलाही.

माझी खोली चाळीच्या टोकाला, संडासाशेजारी. दुसऱ्या कोणाला नको होती म्हणून मला एकट्याला मिळाली. जेवण खानावळीत. गावी थोरला भाऊ होता, त्याचं घर भरलेलं होतं. तिथे मला कोणी नको म्हटलं नव्हतं आणि ये असंही म्हटलं नव्हतं. दिवाळीत खानावळवाल्या बाई गावी जायच्या आणि खानावळीला कुलूप लागायचं. मग मी चार दिवस इराण्याकडे ब्रून मस्का खाऊन दिवाळी काढायचो. बाकीच्या दिवसांत एकटेपणा असा समोर येऊन उभा राहत नाही. दिवाळीत तो राहतो, कारण सगळ्या चाळीला चकलीचा वास सुटलेला असतो.

ज्या वर्षाचं सांगायचं आहे, त्या वर्षी मुंबईत संयुक्त महाराष्ट्राचं वारं जोरात होतं. मी रोज तेच जुळवायचो: सभा, मोर्चे, सत्याग्रह, अटका. मी शब्द लावायचो आणि दुसरे लोक ते ओरडायचे. ओरडणाऱ्यांत आमच्या गॅलरीतला एक विणकर होता. आमच्याच बाजूचा, मालवणकडचा, माझ्याहून थोडा मोठा. त्याने सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेला. मागे घरात त्याची बायको आणि म्हातारी आई, एवढीच माणसं. बायकोला मी वहिनी म्हणायचो. ती परळमध्ये वाढलेली, बोलायला चटपटीत. म्हातारीने अर्धं आयुष्य मुंबईत काढलं, पण जीभ गावचीच ठेवली होती.

त्या घरचा पाकातला कोहळा आमच्या मजल्यावर प्रसिद्ध होता. काचेसारख्या पांढऱ्या फोडी, वरून साखर सुकलेली, दाताखाली आधी कुरकुरीत आणि मग आतून रस. दिवाळीत त्यांच्याकडे येणारा माणूस लाडू बाजूला सारून ती फोड उचलायचा. कोहळा गावाहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर यायचा आणि घरात शिंक्याला टांगलेला असायचा. चीर देण्यापासून पाकापर्यंत सगळं तो विणकर स्वतः करायचा. त्या घरात मला कधी बोलावणं आलं नव्हतं, कारण तिथे घरचा पुरुष होता आणि तो हौशी होता.

त्या वर्षी वहिनींनी माझं दार वाजवलं. मी सुरी चांगली धुऊन घेऊन गेलो. उंबऱ्यात एक पाऊल टाकलं, तेवढ्यात म्हातारी आतून कडाडली.

"माझो झील तुरुंगात आसा आनी तुमी हय कोहळो फोडतास? वर टांगा तो!"

"अहो आई, ते सुटून आले की अख्खी चाळ बघायला येईल. कमिटीची माणसं येतील. त्यांच्यापुढे काय ठेवू, नुसता चिवडा?"

"तो येतलो आनी तोच फोडतलो."

"आल्या दिवशी फोडून त्याच दिवशी मुरतो का तो?"

म्हातारी कोहळ्यावर हात ठेवून बसून राहिली. मी हातात सुरी घेऊन अर्धा आत, अर्धा बाहेर. असा मूर्खासारखा मी आयुष्यात फार वेळा उभा राहिलो आहे, पण हातात सुरी असताना तेवढा एकदाच. परत आलो. झोप लागली नाही. राग म्हातारीचा नव्हता, तिचं बरोबरच होतं. राग माझाच होता, कारण गॅलरीतून चालत जाताना मी मनातल्या मनात त्या घरात जाऊन बसलोसुद्धा होतो.

मग एका दुपारी म्हातारी स्वतः माझ्या दारात आली. कोहळा कवेत धरलेला, आणि देठाशी तिचा अंगठा आत रुतला होता. कोहळा कुजायला लागला होता.

"कुसलो तर त्याच्यापरास वायट," ती म्हणाली. "चल, झिला."

झील म्हणजे मुलगा. कोकणात म्हाताऱ्या बायका कोणालाही झिला म्हणतात, दुधवाल्यालासुद्धा, हे मला माहीत होतं. तरी मी चपला न घालताच तिच्यामागे गेलो.

कोहळा पाटावर ठेवला. तिने हात जोडले. मी सुरी लावली तेव्हा तिने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि चीर पडल्याचा आवाज होईपर्यंत तशीच बसली. वहिनींनी खालचा ओठ दाताखाली धरला होता. मी बाहेर पाऊल ठेवणार, एवढ्यात म्हातारी भिंतीकडे बघतच म्हणाली, "हात लायलंस तर आता पुरा कर. ह्या घरात ता बापयाचा काम."

असा मी त्या घरात शिरलो.

कोहळ्याचं काम निगुतीचं. साल काढायची, मधला मऊ गर आणि बिया काढून टाकायच्या, घट्ट भागाच्या जाड फोडी करायच्या आणि प्रत्येक फोडीला सगळ्या अंगांनी टोचायचं. टोचलं नाही तर पाक आत शिरत नाही, वरवर गोड आणि आत कोहळाच. छापखान्यात चुकीचा खिळा ओळीतून उपसायला आम्हाला टोचा लागतो. तसा एक कोरा टोचा मी घेऊन आलो. म्हातारीने तो नाकाशी धरून हुंगला, शिसं लागलेलं नाही ना म्हणून, आणि उकळत्या पाण्यात टाकला. मग मला टोचायला दिला. मला त्या कामाची सवयच होती. तिने दोन-तीन फोडी उजेडात धरून पाहिल्या आणि काही बोलली नाही. तिच्याकडून तेवढं म्हणजे शाबासकीच, असं वहिनी नंतर म्हणाल्या.

मग चुन्याचं पाणी. पानाला लावतो तोच चुना, माझ्याच डबीतला. पाण्यात कालवून ठेवायचा, खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी फोडींवर घालायची. चुन्याने फोड घट्ट राहते, नाहीतर पाकात शिजून तिची खीर होते. पण तो चुना पुढे धुऊन काढणं हे खरं काम. आमच्याकडे पाणी पहाटे यायचं, तेव्हाच मी ट्राममधून उतरायचो. नळाखाली बादल्या लावायचो आणि त्यांच्या दाराशी नेऊन ठेवायचो. फोडी धुवायच्या, पाणी फेकायचं, पुन्हा धुवायच्या. दर वेळी म्हातारी एक फोड जिभेवर ठेवायची आणि माझ्या ओंजळीत थुंकायची.

"चुनो लागता."

पुन्हा पाणी. पुन्हा ओंजळ. कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, हा काय प्रकार. मला त्याचं काही वाटत नव्हतं. माझी आई मी लहान असताना गेली. कोणासाठी हात पुढे करावा असं त्यानंतर फारसं घडलं नव्हतं.

पाकाच्या दुपारी सर्वांत चांगल्या. शेगडीवर पातेलं, फोडी पारदर्शक होत चाललेल्या. पाक एकदम आटवायचा नाही. आज थोडा, उद्या थोडा, म्हणजे साखर हळूहळू आत जाते. मी ढवळायला बसायचो. वहिनी चकल्या पाडायच्या, म्हातारी भिंतीला टेकून वाती वळायची. बोलणं फार व्हायचं नाही. कधी वहिनी विचारायच्या, "आज काय छापलं, भावजी? सुटायचं काही?" मी म्हणायचो, अजून नाही. त्या मान हलवायच्या आणि सोऱ्यावर जास्त जोर द्यायच्या. वेलचीचा वास सुटायचा. मला वाटायचं, हा पाक कधी होऊच नये.

शेवटच्या दिवशी फोडी पाकातून काढून ताटात पसरल्या, तेव्हा म्हातारी म्हणाली, "तुझी खानावळ बंद आसा मां दिवाळीत?"

"हो."

"मगे पयल्या आंघोळीक फराळाक हय येवचा. वायच लवकर ये."

मी हो म्हटलं. माझ्या आवाजात काहीतरी आलं असावं, कारण वहिनी चकल्यांवरून मान वर करून हसल्या. त्या संध्याकाळी कामावर जाण्याआधी मी नवा शर्ट घेतला. पांढरा, उभ्या बारीक रेघांचा. दुकानदाराने विचारलं, दिवाळीला कुठे जायचंय? मी म्हटलं, घरीच.

दोनच दिवसांत सुटकेची बातमी माझ्याच हाताखाली आली. सत्याग्रहींची एक तुकडी सोडण्यात येणार. नावांत त्याचं नाव होतं. तेही मीच जुळवलं, एकेक अक्षर. आनंद झाला का? झाला. वहिनींचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि आनंद झाला. त्याच्या मागोमाग नव्या शर्टाची आठवण झाली, आणि ती का झाली हे मला लगेच कळलं. ते कळल्याबद्दल मी स्वतःला दोन शिव्या हासडल्या आणि पुढची ओळ लावायला घेतली.

पहाटे चाळीत शिरून मी थेट त्यांचं दार वाजवलं. ओला अंक पुढे धरला. वहिनी वाचता वाचता मटकन खालीच बसल्या. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं. माझ्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. सगळी बोटं मोडली, कडाकडा.

दिवाळीच्या आदल्या दिवशी तो आला. गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. हार, गुलाल, 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. मीही गर्दीतून त्याचा हात हातात घेतला. तो म्हणाला, "काय मंडळी, बरं ना?" आणि गर्दीने त्याला पुढे नेलं.

आदल्या रात्री छापखान्याला सुट्टी होती. पहिल्या आंघोळीला मी लवकर उठलो. स्वतःच्या पाठीला स्वतः तेल लावता येत नाही, पुढून लागेल तेवढं लावलं. नवा शर्ट घातला. भांग पाडला. आणि बसलो. दार थोडं उघडं ठेवलं. वाट बघतोय असं दिसू नये म्हणून कालचं वर्तमानपत्र पुढे धरलं, पण ते मीच जुळवलेलं होतं. त्यात नवीन असं काहीच नव्हतं.

त्यांच्या दाराशी चपलांचा ढीग झाला होता. आतून हसण्याचे आवाज येत होते. कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "कोहळा मात्र फक्कड झालाय यंदा!" त्यावर तो हसून म्हणाला, "मी नव्हतो म्हणून झाला असेल." पुन्हा हशा. म्हातारीचा आवाज मी कान देऊन शोधत होतो. तो आला नाही.

तुम्ही म्हणाल, उठून जायचं होतं. बोलावणं तर होतंच. पण ते बोलावणं रिकाम्या घराचं होतं. आता घरचा माणूस घरी आला होता, आणि एक चीर देणाऱ्याला झालं म्हटल्यावर निघायचं असतं, हे मला चाळीनेच शिकवलं होतं. शिवाय माझ्यात ताठाही कमी नाही. त्या माणसाचा मला हेवा वाटला. तो तुरुंगात होता तेव्हाचाही वाटला. तिथे रात्री सगळे मिळून गात, असं तो सांगत होता. तुरुंगात तरी माणसं होती.

दिवे लागायच्या वेळी वहिनी आल्या. हातात ताट, वर क्रोशाचा रुमाल. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"भावजी, सकाळपासून इतकी माणसं, इतकी माणसं! तुम्हाला बोलवायचं राहूनच गेलं हो. आई मघापासून माझ्या नावाने ओरडतायत."

त्यांचा चेहरा दमलेला होता आणि आनंदाने उजळलेला होता. त्यांच्यावर रागवायला मी कोण? मी म्हटलं, अहो, त्यात काय. मीही झोपलोच होतो. त्या गेल्यावर रुमाल काढला. ताटात कोहळ्याच्या फोडी भरपूर होत्या, वाटणीपेक्षा जास्त. एक उचलली. टोचल्याच्या खुणा साखरेतून दिसत होत्या. उत्तम झाली होती. मी नव्या शर्टाची बाही डोळ्यांना लावून रडलो, आणि मग सगळ्या फोडी खाल्ल्या.

पुढच्या वर्षी तसाच कोहळा, तेच शिंकं, आणि फोडायला घरचा माणूस. मी बादली घेऊन जाताना दारातून पाहिलं. म्हातारी भिंतीकडे न बघता मुलाकडे बघत होती. बाकीच्या घरांतून मला हाका आल्या. गेलो, चिरा दिल्या, परत आलो. अशाच एका घरातून परत येताना मी खोलीत न शिरता थेट दादरच्या बाजारात गेलो आणि एक कोहळा विकत घेतला. स्वतःसाठी. खांद्यावर टाकून आणला.

मनात होतं की या वर्षी लोकांनी माझ्याकडे यायचं. मजल्यावरच्या प्रत्येक दारात जाऊन मी सांगितलं, पहिल्या आंघोळीला माझ्याकडे फराळाला या. सगळे हो हो म्हणाले. खोली झाडली, स्टोव्ह आणला, पातेलं आणलं. पाट नव्हता, म्हणून उलट्या पेटीवर कोहळा ठेवला. सुरी उचलली आणि थांबलो.

मला कोणाला बोलवायची गरज नव्हती. मी पुरुष होतो.

इतकी वर्षं हीच रीत मला घराघरात नेत होती, आणि माझ्या खोलीत मात्र तिने कोणालाच आणलं नसतं. मी सुरी खाली ठेवली आणि गॅलरीतून चालत त्या दाराशी गेलो. म्हातारी उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती.

"आई, जरा येता का? मला कोहळा फोडायचाय."

तिने वर पाहिलं. "तू बापयो मां? तुका कोण कित्याक व्हया?"

"मला एकट्याला फोडवत नाही," मी म्हटलं.

तिने सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठली. माझ्या खोलीत ती पहिल्यांदाच येत होती. चहूकडे पाहिलं, हळदकुंकू कुठे ठेवतोस असं विचारलं, आणि विचारून झाल्यावर तिचं तिलाच कळलं. मग माठातल्या पाण्यात बोटं बुडवून तिने ती कोहळ्याला लावली. मी चीर दिली. तिने तोंड फिरवलं नाही. "फोडी जाड कर," म्हणाली, आणि तांदूळ निवडायला परत गेली.

बाकीचं मी एकट्याने केलं. पहिल्या आंघोळीला बशा मांडून बसलो. मजल्यावरचं कोणी आलं नाही. लोक वाईट नव्हते. एकट्या माणसाने फराळाला बोलावलं, हे कोणाला खरंच वाटलं नसेल. उन्हं गॅलरीत आली तरी मी बशा आवरल्या नाहीत.

मग म्हातारी आली. एकटीच. चटई घातली, बसली. मी बशी पुढे केली. तिने एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटून चघळली.

"चुनो लागता रे, झिला."

मी दोन्ही हातांची ओंजळ तिच्यापुढे धरली. तिने माझ्या ओंजळीकडे पाहिलं, मान हलवली आणि ती फोड गिळून टाकली.